गोल पातळांचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी भांड्यांवर नावं घालणारा एक माणूस येऊन बसतो. आता त्याच्या हातात विजेवर चालणारं यंत्र असतं आणि ते भुंग्यासारखं किरकिरत राहतं. पूर्वी छिन्नी आणि लहानशी हातोडी असायची. कोरडा, एकसारखा टिकटिक आवाज दुपारभर चालायचा. ऊन भिंतींवर पांढरं पडलेलं असायचं, रस्त्यावर कुत्रंही नसायचं, आणि कुणाच्या तरी मुलीचं नाव हंड्याच्या पितळेवर अक्षर अक्षर उमटत असायचं. मी आता बारामतीला भाच्याकडे राहते. खिडकीशी बसून ती किरकिर ऐकते आणि मला नवसंसार भांडारातली एक लग्नसराई आठवते. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या लग्नसराया एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक तेवढी वेगळी राहिली.

आठवते म्हणजे आधी वास आठवतो. खळ लावलेल्या कोऱ्या कापडाचा किंचित आंबूस वास, नव्या ट्रंकांच्या रंगाचा वास, साबणाच्या वड्यांचा वास, आणि या सगळ्यांत खालच्या फळीवरच्या घोंगड्यांचा उबदार, मेंढरांचा वास. एका छपराखाली इतके वास त्या काळी बारामतीत दुसरीकडे कुठे नव्हते. कापड हवं तर कापडवाल्याकडे, भांडी हवी तर तांबट आळीत, बांगड्या कासाराकडे, अशी रीत होती. बस्ता बांधायला आलेल्या मंडळींचा सगळा दिवस पायपिटीत जायचा. नवसंसारमध्ये मात्र एका दारानं शिरलं की हळदीच्या खणापासून पाण्याच्या घंगाळापर्यंत सगळं घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडता यायचं. या दोन दारांचं लोकांना फार कौतुक होतं. काही जण नुसतेच एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचे.

दुकान गणपतरावांचं. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. घराणं माळ्याचं, कालव्याच्या पाण्यावर पेरू आणि भाजीपाला करणारं. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. तात्या पेरूच्या करंड्या घेऊन पुण्याला जायचे आणि तिथल्या एका मोठ्या दुकानासमोर उभे राहून आत-बाहेर करणारी माणसं बघत बसायचे. बारामतीला परत आले की धाकट्या भावाला, यशवंतअण्णांना, त्याबद्दल सांगायचे. शेवटी बाजारपेठेत एक जुनं गोदाम मिळालं आणि दोघा भावांनी ते चुन्यानं रंगवून घेतलं.

पण पुण्याचं दुकान हे खरं कारण नव्हतं. खरं कारण मला तात्यांच्या बायकोनं, माईंनी, सांगितलं. तात्या लहान असताना त्यांच्या आईबरोबर एका पेढीवर लुगडं घ्यायला गेले होते. आई भाजी विकून तशीच आलेली, हाताला ओली माती. पेढीवरच्या माणसानं लुगडं दूर धरून दाखवलं आणि तिनं हात पुढे करताच मोजायच्या गजानं तो हात बाजूला सारला. मारलं नाही, नुसता सारला. तिनं हात न लावताच लुगडं घेतलं. घरी आल्यावर ते विरळ निघालं.

म्हणून नवसंसारमध्ये दोन नियम होते. वस्तूला कुणीही हात लावावा, आणि भाव सगळ्यांना एकच. हे दोन्ही नियम तात्यांनी दाराशी पाटीवर लिहून घेतले होते आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना ते स्वतः वाचून दाखवत. पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यांनी चेष्टा केली. घासाघीस केल्याशिवाय गिऱ्हाइकाला माल घेतल्यासारखं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बायका आल्या. गादीवर बसलेल्या पुरुषासमोर बोलायला अवघडणाऱ्या बायका उभ्याउभ्या कापड चिमटीत धरून बघायला लागल्या, आपसांत बोलायला लागल्या. मळ्यांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या, ज्यांना इतर दुकानांत पायरीखालीच उभं करत त्यासुद्धा आल्या. काही प्रतिष्ठित घरांनी त्यामुळे येणं सोडलं. तात्यांनी त्यांना बोलावलं नाही.

मी तिथं लागले ती माईंमुळे. माझं सातवीपर्यंत शिक्षण झालेलं, हिशेब चांगला, वय लग्नाचं. पण उजव्या हाताच्या बोटांवर आणि मनगटावर पांढरे डाग होते. बघायला येणारे चहा घेताना कपाकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत आणि नंतर निरोप येत नसे. वडिलांनी तात्यांकडे शब्द टाकला होता तो कुठेतरी आत बसून मोजमाप लिहिण्याच्या कामासाठी. माईंनी मला सरळ बायकांच्या कापडांसमोर उभं केलं. पहिल्याच लग्नसराईत एका बाईंनी विचारलं की कोड असलेल्या मुलीच्या हातचा शालू नवरीला कसा चालेल. माई तिथंच होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “हितं समदेच हात लावत्यात. तुमच्या आधी ह्या शालूला कितीजणींचे हात लागल्यात, त्यांची बोटं मी तपासली न्हाईत.” त्या बाई शालू न घेता गेल्या. माईंनी तो उलगडलेला शालू माझ्याकडे घडी घालायला दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

माई स्वतः अक्षरशत्रू. नऊवारी इरकली लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, चालणं भराभर. पण दुकानात काय ठेवायचं आणि काय नाही, हे त्या ठरवायच्या. माल आला की तागा उलगडून गालाला लावून बघायच्या. त्यांनी नको म्हटलेला तागा परत जायचा. दुकान चालायला लागलं, मग चांगलंच चालायला लागलं, आणि तात्यांनी इंदापुरात दुसरं काढलं.

इंदापूर अण्णांकडे सोपवलं होतं. तो मुलूख निराळा. आमच्याकडे कालव्याचं पाणी, ऊस, हातात पैसा. तिकडे बराचसा भाग कोरडा. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारी आणि आता कुठे जमिनीत स्थिरावलेली घरं तिथं बरीच. अण्णांचा स्वभाव बसून बोलणारा. गिऱ्हाईक आलं की आधी पाऊसपाणी, मग सोयरीक, मग माल. सोलापूरकडचं जाड, टिकाऊ लुगडं ते ठेवत, काठ ठरावीक रंगांचे, कारण तिथल्या घराघरांत लग्नातल्या काठांचे रंग ठरलेले असत. बारामतीच्या दुकानात जे चालायचं त्यातलं निम्मंही इंदापुरात नसायचं. दोन दुकानांवर नाव तेच, पण आत शिरलं की दोन वेगळी घरं. मला वाटायचं, भावाभावांसारखीच आहेत.

आणि मग तो वैशाख.

पाडव्याला इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात तिसरं दुकान उघडलं. त्या दिवशी तात्यांच्या अंगात नवा लांब कोट होता आणि पेढे ते स्वतः वाटत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी तिन्ही दुकानांतल्या माणसांना एकत्र बसवून सांगितलं की आता तिन्ही दुकानं सारखी होणार. सारख्या फळ्या, सारखा हिरवा रंग, सारखा माल. माल सगळा एकदम मुंबईहून येणार. आत्तापर्यंत एकच भाव होता, आता मालही एकच. त्यांचं म्हणणं असं की बारामतीच्या बाईला जे मिळतं ते बावड्याच्या बाईला का मिळू नये? तिला जाडंभरडंच शोभतं, असं ठरवणारे आपण कोण?

ऐकताना ते बरोबर वाटलं होतं. आजही अर्धं बरोबर वाटतं. ज्यांच्या आईचा हात गजानं सारला गेला, त्यांनी असा विचार करणं साहजिक होतं. ‘सगळ्यांना सारखं वागवायचं’ इथून निघालेला माणूस ‘सगळ्यांना सारखंच द्यायचं’ इथं कधी पोचतो ते त्याचं त्याला कळत नसावं.

मुंबईहून कापडाच्या गाठी आल्या. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीतून उतरवून बैलगाड्यांनी दुकानात आणल्या. सोडल्या तर आत गोल पातळं. काष्ट्याविना नेसायच्या सहावारी साडीला तेव्हा आमच्याकडे गोल पातळ म्हणत. झिरझिरीत वॉयलची, आकाशी, गुलाबी, फिकट पोपटी, बारीक फुलांची. मी इतकं हलकं कापड तोवर हातात धरलं नव्हतं. पंख्याखाली एक उलगडलं तर ते आपोआप फुगलं आणि दुकानातल्या सगळ्या मुली हसल्या. पुण्या-मुंबईला शिकलेल्या बायका ते नेसत. बारामतीत डॉक्टरांच्या आणि मामलेदारांच्या घरी नेसत. बाकी सगळा मुलूख नऊवारी.

माईंनी एक पातळ गालाला लावलं. मग मांडीवर पसरून त्याकडे बराच वेळ बघितलं. त्या म्हणाल्या, कापड झकास आहे, पण हे नेसून पाणी कसं आणणार, खुरपायला कसं वाकणार? थोडी घ्या, बाकीची परत पाठवा. तात्यांनी ऐकून घेतलं आणि गाठी तीन वाट्यांत विभागल्या. माईंचं न ऐकता फळीवर गेलेला तो पहिला माल.

इंदापूरच्या माणसांना हे पातळ दाखवता येईना, म्हणून मला त्या लग्नसराईपुरतं तिकडे पाठवलं. मी अण्णांच्या सासुरवाडीच्या माणसांत राहायची आणि सकाळी दुकानात यायची. माझं काम पातळ नेसून दाखवायचं. गिऱ्हाईक बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या, निऱ्या कशा घालायच्या ते बघायच्या, पदराला हात लावून लाजायच्या आणि मग विचारायच्या, “लुगडी कुठं हायती?” लुगडी मागे गोदामात होती. तात्यांनी ती फळीवरून काढायला लावली होती. अण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत आणि आतून एखादं काढून देत. पण ती संपत आली आणि नवीन मागवायची नाहीत असं ठरलेलं. ऊन रोज वाढत होतं. समोरच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेटजींचं जुनं दुकान होतं, गादी-तक्क्यांचं. तिथली गर्दी वाढताना आम्हाला आमच्या हिरव्या फळ्यांमधून दिसायची.

एका दुपारी एक मंडळी बैलगाडीतून बस्ता बांधायला आली. मेंढरं सोडून शेती करायला लागलेलं घराणं. बरोबर नवरी मुलगी, तिचे वडील आणि तिची आत्या. आत्याच सगळ्यांत मोठी आणि तिच्याच शब्दानं सगळं चाललेलं. त्याच दिवशी तात्याही एसटीनं इंदापूरला आले होते आणि मागच्या बाजूला ट्रंकेवर बसून बघत होते. मी पातळं मांडली. आत्यानं माझा हात बघितला आणि तो धरूनच ठेवला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

“भाजलंय का गं?” तिनं विचारलं.

“न्हाय. कोड हाय.”

“दुखतं?”

“न्हाय.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली आणि पातळांकडे वळली.

आयुष्यात माझ्या हाताबद्दल मला इतक्या थोडक्यात कुणी विचारलेलं नाही.

तिनं एकेक पातळ उचलून उजेडात धरलं. पलीकडची भिंत आरपार दिसत होती. तिनं ते खाली ठेवलं आणि अण्णांना त्यांच्या घरातल्या काठाचं नाव सांगितलं. तसला काठ आता दुकानात नव्हता. मुलीचे वडील म्हणाले की मग राहू द्या, हेच नवं घेऊ, लोक घ्यायला लागलेत. आत्याचा चेहरा उतरला. अण्णांनी एकदा मागे, तात्यांकडे बघितलं. मग चपला घातल्या.

“तुमाला पायजे ते आमच्याकडं न्हाय,” ते आत्याला म्हणाले. “चला, मी दावतो.”

आणि ते त्या सगळ्यांना घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या शेटजींकडे गेले. आम्ही आतून बघत होतो. अण्णा गादीच्या कडेला बसले आणि दुसऱ्याच्या दुकानात आपल्या गिऱ्हाइकासाठी लुगडी निवडायला लागले. शेटजीही गोंधळून गेले असावेत, कारण त्यांनी अण्णांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

आणखी एक गोष्ट त्या दुपारची आहे. सगळे उठले तेव्हा नवरी मुलगी थोडी मागे राहिली होती. तिचा हात एका आकाशी पातळावर होता. ती ते घेणार नव्हती, मागणारही नव्हती. नुसता तळहात त्यावर ठेवून उभी होती. मग आत्यानं हाक मारली आणि ती गेली.

संध्याकाळी, दुकानात आम्ही दोघं-तिघं उरलो असताना तात्या अण्णांसमोर आले. मला वाटलं होतं, ते धंद्याचं बोलतील, समोरच्याचं दुकान का भरलंस, असं विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“त्या पोरीचा हात बघितलास का?”

“बघितला,” अण्णा म्हणाले. “तिला जिथं नांदायचं हाय ते घर बी बघितलंय.”

तात्या म्हणाले की आज ती नाही म्हणाली म्हणून उद्याही तिनं नाहीच म्हणावं का? कुणीतरी फळीवर ठेवल्याशिवाय तिला मागता तरी कसं येणार? अण्णा म्हणाले, फळीवर दोन्ही ठेवू. तात्यांना ते मान्य झालं नाही. सारखं म्हणजे सारखं. बोलणं फार वेळ चाललं नाही आणि आवाजही वाढले नाहीत. शेवटी अण्णांनी खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला आणि ते म्हणाले, “मी पेरूची बाग बघतो. तुमी दुकानं बघा.”

दुसऱ्या दिवशी ते बारामतीला मळ्यात गेले, ते परत इंदापूरच्या दुकानात आले नाहीत.

यात भांडण असं दाखवता येण्यासारखं काही नव्हतं. घर एकच, चूल एकच. दोघे भाऊ एका पंगतीला जेवायला बसत आणि माई वाढत. एकाला काही सांगायचं असेल तर तो ते माईंना सांगे आणि दुसरा ऐके. माईंनी मला एकदा हसतहसत सांगितलं की आता मला एका भाकरीबरोबर दोन माणसांचा निरोपही वाढावा लागतो. हसणं तिथंच संपलं, पण त्या भाकऱ्या थापत राहिल्या.

ती लग्नसराई संपली तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला नवसंसार भांडार ऐन भरात दिसलं असतं. तीन गावांत तीन दुकानं, सगळी हिरवी, सगळी नवीकोरी. मी इंदापूरहून परतले. अण्णांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला गिऱ्हाइकांशी बसून बोलता येईना, आणि बोलायचं ठरवलं तरी दाखवायला काय होतं? बावड्याचं दुकान दिवाळीनंतर बंद झालं. मग इंदापूरचं. तिथला माल परत बारामतीला आला आणि माळ्यापर्यंत गोल पातळांचे ढीग लागले. उन्हाचा पट्टा यायचा तिथल्या पातळांचे रंग उडाले, घडीच्या कडांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. माईंनी पुन्हा लुगडी मागवून बघितली. पण तोवर पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यांनीही गादीपुढची कठड्यांची आडकाठी काढली होती. गिऱ्हाइकाला माल हातात द्यायला तेही शिकले होते. ते तात्यांकडूनच शिकले, हे कुणी बोलून दाखवलं नाही. तात्यांनाही ते बोलून दाखवावंसं वाटलं नसावं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या शाळेत, कारण मी नंतर शिक्षिका झाले आणि तशीच निवृत्त झाले, मुलींच्या आया हळूहळू सहावारीत यायला लागल्या. आधी गावातल्या, मग मळ्यांतल्या, मग पार इंदापूरच्या पलीकडच्या. सहावारी नेसून त्या पाणी आणत, खुरपत, एसटीच्या टपापर्यंत चढून गाठोडी ठेवत. तात्या चुकले होते असं मी म्हणत नाही. अण्णा चुकले होते असंही नाही. त्या आकाशी पातळावर तळहात ठेवून उभी असलेली मुलगी आणि रस्त्याच्या पलीकडे आपल्या काठाचं लुगडं मिळाल्यावर खुललेला तिच्या आत्याचा चेहरा, मला दोन्ही सारखंच स्पष्ट आठवतं.

बारामतीचं दुकान आणखी काही काळ रेटलं आणि मग एका उन्हाळ्यात तेही आवरायचं ठरलं. माल बराचसा घाऊक व्यापाऱ्यांनी उचलला. शेवटच्या दिवशी आम्ही जुनी माणसं मदतीला गेलो होतो. अण्णा मळ्यातली बैलगाडी घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. एका फळीचं एक टोक तात्यांनी धरलं, दुसरं अण्णांनी, आणि दोघांनी ती गाडीवर चढवली. मग दुसरी. काम करताना “जरा तुझ्याकडं घे,” “हां, सोड आता,” एवढं बोलणं झालं. पण ते माईंच्या मार्फत झालं नाही.

दुपार उतरली. दुकानात आता नुसत्या भिंती होत्या आणि फळ्या काढलेल्या जागी चुन्याचे उघडे पट्टे. कोपऱ्यात न खपलेल्या पातळांची एक चळत होती. ती कुणी विकत घेतली नव्हती. तात्या तिच्याकडे पाठ करून उभे होते. माईंनी चळतीतून एक पातळ ओढून काढलं, फिकट पोपटी, कडेला थोडं विटलेलं. मला म्हणाल्या, “चल आत. मला नेसीव.”

मागच्या खोलीत त्यांनी इरकली लुगडं सोडलं. जन्मात काष्ट्याशिवाय न नेसलेल्या त्या बाईला मी निऱ्या घालून दिल्या. माझ्या बोटांकडे त्यांनी बघितलं नाही, त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पायात घोळतंय गं.” मी निऱ्या वर खोचल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या बाहेर आल्या.

अण्णा गाडीला दोर आवळत होते, ते थांबले. तात्या वळले. बराच वेळ बघत राहिले. माईच म्हणाल्या, “चला आता घरी.”

तात्या एरवी रस्त्यानं नेहमी पुढे चालायचे, माई दहा पावलं मागे. तशीच पद्धत होती आणि माई भराभर चालून ते अंतर राखायच्या. त्या दिवशी त्यांना भराभर चालता येत नव्हतं. प्रत्येक पावलाला पातळ पायात यायचं, त्या थांबायच्या, निऱ्या चिमटीत धरायच्या आणि पुढचं पाऊल टाकायच्या. भर पेठ होती. व्यापारी आपापल्या गाद्यांवरून मान वर करून बघत होते. तात्या थोडे पुढे गेले, मागे वळले, आणि माई जवळ येईपर्यंत उभे राहिले. मग दोघं एकमेकांशेजारी चालायला लागले, हळूहळू, माईंच्या चालीनं.